कोरी, पण ओरिजिनल

आमच्या शहरात नक्कल करण्यात कुणी कधी कमीपणा मानला नाही. बेगमपुऱ्यातला बीबी का मकबरा हा त्याचा सगळ्यात उंच पुरावा. आजोबांनी आग्र्याला ताजमहाल बांधला होता. नातवाने, शाहजादा आझमशाहने, आपल्या आईसाठी, दिलरास बानू बेगमसाठी, इथे तसंच काहीतरी उभं करायचं मनावर घेतलं, असं सांगतात. १६६० च्या सुमारास झालेल्या या कामाचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे अशी नोंद सांगतात. ताजमहालाचा खर्च लोक कोटींत सांगतात, आण्यांच्या भानगडीत कुणी पडत नाही. इथे वरचे सात आणेसुद्धा लिहून ठेवलेले आहेत. बिलावर सही करणारा बाप कोण होता, हे त्या सात आण्यांवरून ओळखावं.

गंमत अशी, की मूळ फाइल घरातच होती. मकबऱ्याच्या दरवाज्यावर अताउल्लाह या वास्तुकाराचं नाव कोरलेलं आहे आणि तो ताजच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. म्हणजे आराखडा शाबूत, हात तयार, हौस दांडगी. कमी पडलं ते माध्यम. खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत संगमरवर, त्यावर बेसाल्ट आणि चुन्याचा गिलावा, आणि सगळ्यात वर घुमट पुन्हा संगमरवरी. जिथे माणसाचा हात पोचतो आणि जिथे लांबून नजर पोचते, तिथे भारी माल. मधल्या मजल्यावर काम भागवलेलं. कोऱ्या सीडी आणि डीव्हीडी बनवणाऱ्या स्वस्तातल्या कारखान्यांनी तीनशे-साडेतीनशे वर्षांनी हेच तत्त्व जसंच्या तसं उचललं. वरची छपाई झकास, खालची चमक झकास. मधल्या थराचं विचारू नका.

हिमरूचंही तेच. किनखाबातली जर परवडेना, तेव्हा इथल्या विणकरांनी सूत आणि रेशीम एकत्र करून तशीच वेलबुट्टी उतरवली. आज पाहुण्यांच्या खांद्यावर हिमरूची शाल घालताना ‘ही नक्कल आहे बरं का’ असं कुणी म्हणत नाही. तेव्हा २००० सालानंतर जेव्हा घराघरातल्या कॉम्प्युटरमध्ये सीडी रायटर येऊन बसला, तेव्हा या शहराला फार मोठं नवल वाटलं नसणार. फक्त यावेळी विणकर आणि गवंडी आपणच होतो, आणि माल पैठण गेटला मिळत होता.

त्या काळात दुकानात झालेला एक संवाद मला अजून पाठ आहे.

“कोरी सीडी द्या.”

“साधी देऊ का ओरिजिनल?”

“कोरी आहे ना? मग त्यात ओरिजिनल काय?”

“तसं नस्तं सर. ओरिजिनल कोरी वेगळी, लोकल कोरी वेगळी.”

“फरक काय पण?”

“लोकल चालती. ओरिजिनल पण चालती. पण ओरिजिनल नंतर पण चालती.”

माध्यमाच्या दर्जाची याहून नेमकी व्याख्या मी कुठल्याही तांत्रिक पुस्तकात वाचलेली नाही. ‘नंतर पण चालती.’ सगळी मेख त्या ‘नंतर’मध्ये आहे, आणि दुकानदार त्या ‘नंतर’चीच जास्तीची रक्कम मोजून घेऊन गल्ल्यात टाकत होता.

या ‘नंतर’चा संबंध असतो एका रंगाशी. विकतच्या सिनेमाच्या डिस्कवर बारीक खड्डे साच्यातून ठसवलेले असतात; ते तिथे खरोखर असतात. आपण घरी मारलेल्या डिस्कवर खड्डे नसतातच. १.२ मिलिमीटर जाडीचं पारदर्शक पॉलिकार्बोनेट, त्यावर सेंद्रिय रंगाचा एक तलम थर, त्यावर चांदीसारख्या धातूचा आरसा, आणि त्यावर लाखेसारखा संरक्षक लेप. लेझर त्या रंगावर ठिकठिकाणी डाग पाडतो. प्लेअरला ते डाग खड्ड्यांसारखे भासतात आणि तो बिचारा गाणं म्हणायला लागतो. म्हणजे घरच्या सीडीत गाण्याचीच नव्हे, तर खड्ड्यांचीही नक्कल असते. खड्ड्यांचा अनुभव या शहराला मुबलक असल्यामुळे नकली खड्डे पचायला आम्हाला जड गेलं नाही.

रंगाचे प्रकार तीन. सायनिन हा जुना, निळसर-हिरवट, उजेडाला लवकर भिणारा. थॅलोसायनिन फिकट, जवळजवळ बिनरंगी वाटणारा आणि बराच टिकाऊ. तिसरा अझो, गडद निळा. निळी डिस्क म्हणजे भारी डिस्क, असा एक समज त्यामुळे बाजारात रूढ झाला. समज पसरला की त्याचीही नक्कल होते, त्यामुळे नुसत्या प्लास्टिकला निळी झाक दिलेला मालही लगोलग आला. चांगला निळा लांबून आणावा लागतो, हे अजिंठ्याच्या चित्रकारांना दीड हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. तिथल्या चित्रांतला निळा लाजवर्दाचा, अफगाणिस्तानकडून आलेला. बाकीचे पिवळे, तांबडे, हिरवे रंग इथल्याच माती-दगडातून भागवले. भागवायचं कुठे आणि भागवायचं नाही कुठे, हे कळणं म्हणजेच कारागिरी.

आता नव्या मारलेल्या डिस्ककडे कुणी निरखून बघत नाही, पण बघावं. एखादी जुनी डिस्क असेल तर ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधल्या भोकापासून सुरू झालेला एक पट्टा थोडा गडद दिसेल आणि बाहेरचा उरलेला भाग फिकट. दोघांमध्ये कंपासने ओढावी तशी रेघ असेल. गडद ते लिहिलेलं, फिकट ते कोरं. मध्यभागी, पारदर्शक कड्यावर, मुंगीच्या अक्षरात एक क्रमांक असतो. ही डिस्क लिहायला आतून सुरुवात होते आणि बाहेर जात जात संपते. जुन्या तबकडीच्या अगदी उलट. आणि कारखान्यात रंगाचा थर चढवताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बाहेरच्या कडेला. शिवाय आपली बोटं लागतात तीही कडेलाच.

याचा सामाजिक परिणाम लग्नाच्या डीव्हीडीवर झाला. एका डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मावतात असं वेष्टण म्हणतं, कॉम्प्युटर म्हणतो ४.३८. दोघंही आपापल्या हिशेबाने खरे, पण शूटिंगवाला वेष्टणावर विश्वास ठेवून हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं एकाच डिस्कवर कोंबणारा. त्यामुळे व्हायचं असं, की हळद सुरळीत, सीमांतपूजन सुरळीत, मंगलाष्टकं थोडी दमा लागल्यासारखी, जेवणाच्या पंगतीत चित्राचे चौकोन चौकोन, आणि पाठवणीला डिस्क ठप्प. मराठवाड्यातल्या कितीतरी मुली डीव्हीडीपुरत्या अजून माहेरीच आहेत. सासरचे म्हणायचे डिस्क खराब निघाली. माहेरच्यांची तक्रार मी ऐकलेली नाही.

डिस्क खराब निघाली की दोष द्यायचा एक क्रम ठरलेला होता. आधी प्लेअर, मग रायटर, मग सॉफ्टवेअर, मग शेजारचा जो मुलगा कॉम्प्युटरमधलं जाणतो तो, आणि सगळ्यात शेवटी डिस्क. खरं तर क्रम उलटा हवा. रायटर बिचारा बराच प्रामाणिक असतो. लिहायला बसण्याआधी तो डिस्कच्या अगदी आतल्या भागात, आपल्याला न सांगता, लेझरची ताकद कमी-जास्त करून काही खुणा मारून बघतो आणि या मालाला किती आच लागेल याचा अंदाज घेतो. माल अगदीच टाकाऊ असेल तर अंदाज लागत नाही आणि पडद्यावर ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ उमटतं. आम्ही त्याचा अर्थ ‘लाइटचा प्रॉब्लेम’ असा लावून महावितरणचा उद्धार करायचो.

अर्थात लाइटचा प्रॉब्लेमही होताच. भारनियमनाच्या त्या वर्षांत मराठवाड्यात सीडी मारणं हे मुहूर्त बघून करायचं काम होतं. सुरुवातीच्या रायटरांना मध्ये थांबणं माहीतच नव्हतं. लेझर एकदा चालू झाला की माहिती अखंड धारेने यायला हवी. धार तुटली की डिस्क वाया. याला ‘बफर अंडररन’ म्हणत. २००० साली सान्योने ‘बर्न-प्रूफ’ नावाची युक्ती आणली. धार तुटली तर लेझर जागेवर थांबायचा आणि माहिती आली की तिथूनच पुढे. हा उपाय माहिती थांबण्यावर होता, वीज थांबण्यावर नव्हता. त्यामुळे कोरी सीडी सरकवली की घरात एक शांतता पसरायची. ‘कुणी काही चालू करू नका’, ‘माउसला हात लावू नका’, ‘मिक्सर नंतर’. गृहिणी चटणी वाटायची थांबायची आणि त्यावर काय लिहिलं जातंय म्हणून बघायला जावं, तर स्क्रीन-सेव्हरांचा संग्रह.

धार तुटल्याने वाया गेलेलं मोठं काम बघायचं असेल तर अजिंठ्याला चोवीस क्रमांकाचं लेणं आहे. अर्धे घडवलेले खांब, छिन्नीचे उघडे घाव, आणि पुढे काही नाही. वाकाटक राजा हरिषेण गेला, आश्रय आटला आणि कामं होती तिथे थांबली, असं आयुष्यभर अजिंठ्याचा अभ्यास केलेल्या वॉल्टर स्पिंक यांचं म्हणणं होतं. दगड हेही एकदाच लिहायचं माध्यम. खोडता येत नाही, वरून दुसरं घेता येत नाही. वेरूळचा कैलास तर वरून खाली कोरत आणला आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात. शिखर आधी, जोतं शेवटी. इतक्या मोठ्या कामात एकानेही ‘एरर आली, दुसरा डोंगर द्या’ म्हटल्याचं दिसत नाही. आमच्याकडे वाया गेलेल्या डिस्कांची मात्र रास पडायची. त्या पुढे गणपतीच्या मखराला लागल्या, ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला दोरीवर टांगल्या गेल्या, रिक्षाच्या मागे चमकायला लागल्या. ज्वारीवरच्या पाखरांनी पाहिलेली सीडी ओरिजिनल होती की लोकल, याने पिकाला फरक पडला नाही. तो तिचा सर्वांत भरवशाचा उपयोग.

वेगाची हाव हा दुसरा रोग. वेष्टणावर ‘५२ एक्स’ लिहिलं आहे म्हणजे बावन्ननेच मारायची, असा हट्ट. सीडीचा एक एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. बावन्नने अख्खी डिस्क अडीच-तीन मिनिटांत संपते. दुसरीकडे काही जाणकारांचा हट्ट, की सगळ्यात कमी वेगाने मारली तरच टिकते. नव्या डिस्कचा रंग जोरकस, थोडा वेळ पडणाऱ्या लेझरसाठी बनवलेला असतो; त्याला रेंगाळत शेकलं तरी काम बिघडतं. सोळा एक्सची डीव्हीडी आठने मारावी, बावन्नची सीडी सोळा-चोवीसने. मधला वेग. बुद्धाने सांगितलेला मध्यम मार्ग इतक्या जवळ, अजिंठ्यात, भिंतीभर रंगवलेला असूनही आम्हाला तो डिस्क वाया गेल्याशिवाय कळत नाही.

मारून झाल्यावर काय करू नये, याची यादी आणखी मोठी. लोक चमकती बाजू तळहाताच्या फोडासारखी जपतात आणि लेबलच्या बाजूने बॉलपेनने खसाखसा ‘जुनी गाणी भाग २’ लिहितात. सीडीची नाजूक बाजू नेमकी तीच. खालून १.२ मिलिमीटरचं प्लास्टिक आहे, वरून नुसता लेप. खालचा ओरखडा घासून काढता येतो. वरचा आरशासकट रंग घेऊन जातो. डीव्हीडीचं बरं असतं, तिच्यात माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये दडवलेला असतो. पुसण्याचंही तसंच. बनियनच्या टोकाने गोल गोल पुसणं ही राष्ट्रीय सवय. पण माहिती गोलच लिहिलेली असते, त्यामुळे गोल ओरखडा म्हणजे एकाच ओळीवर सलग काट. पुसावं ते मधून बाहेर, सरळ. आणि कागदी लेबल तर चिकटवूच नये. डिंक हळूहळू लेपात उतरतो, कागद ओलाव्याने फुगतो-आकसतो, डिस्क तोल सोडून थरथरत फिरते. शूटिंगवाल्यांना मात्र नवरा-नवरीचा बदामात बसवलेला फोटो चिकटवल्याशिवाय पैसे मागायचा धीर होत नसे.

संरक्षणाने केलेलं नुकसान हाही आमच्या भागाला अपरिचित विषय नाही. अजिंठ्याच्या चित्रांवर नक्कल करणाऱ्यांनी रंग खुलून दिसावेत म्हणून वॉर्निश मारलं. पुढे १९२० च्या आसपास निजाम सरकारने खास इटलीहून तज्ज्ञ आणले. लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचा साथीदार. त्यांनी सुटणारा गिलावा नेटका बसवला आणि वरून लाखेचा लेप दिला. काम मनापासून केलेलं. पण लेप पिवळा पडत गेला, त्यावर धूळ बसत गेली, आणि पुढच्या पिढ्यांतल्या संवर्धकांचा बराच वेळ तो काढण्यात गेला. चित्र टिकावं म्हणून काहीतरी केलंच पाहिजे, ही माणसाची भावना फार चांगली. फक्त ती डिंकाच्या रूपात बाहेर पडू नये.

मग घ्यायची कोणती? वेष्टणावरचं नाव बघून काही कळत नाही, कारण नाव एकाचं आणि कारखाना दुसऱ्याचा. डिस्कच्या आतच कारखान्याची सांकेतिक खूण लिहिलेली असते. एखादं छोटं फुकट सॉफ्टवेअर ती वाचून दाखवायचं. त्या खुणेवरून कळायचं, की भारी नावाच्या डब्यात कधी तैवानचा माल आहे, कधी जपानचा, आणि कधी आपल्या नोएडाचा. जपानच्या ताइयो युदेनने पहिली सीडी-आर बनवली होती. तिची डिस्क मिळाली की जाणकार ती पैठणीसारखी मऊ कापडात ठेवत. आपल्याकडे सगळीकडे होती ती मोझरबेअर. १९८३ साली वेळ नोंदवण्याची यंत्रं बनवायला निघालेली ही कंपनी, १९८८ मध्ये फ्लॉपीकडे वळली, १९९९ मध्ये सीडी-आरकडे, आणि बघता बघता जगातल्या मोठ्या उत्पादकांत जाऊन बसली. मग २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून तिने चोरीच्या सीडीवाल्यांनाही घाम फोडला. अस्सल माल नकलेपेक्षा स्वस्त, असा प्रसंग आमच्या शहराने प्रथमच पाहिला.

ती डिस्क लावायची टीव्हीला, आणि टीव्हीचं म्हणाल तर पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होताच. गावातल्या अर्ध्या घरांना पगार तिथून, उरलेल्या अर्ध्यांना टीव्ही तिथून, असं गमतीने म्हणत. मोझरबेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली आणि त्याच वर्षी व्हिडिओकॉनचं दिवाळखोरीचं प्रकरण लवादापुढे उभं राहिलं. डिस्क आणि पडदा एकाच वर्षी आजारी पडले. आणि या दोघांच्या पोटावर पाय आणणारी काचेची तार कुठे तयार होते म्हणाल, तर आमच्याच वाळूजला. स्टरलाइटच्या तिथल्या कारखान्यात काचेच्या कांडीतून केसाएवढा ऑप्टिकल फायबर ओढला जातो. त्याची काच शेंद्र्याला बनते. काम तेच: प्रकाशाच्या उघडझापीत माहिती घालायची. फक्त आधी तो प्रकाश फिरत्या चकतीवर आपटून परत यायचा, आता आला तसा निघून जातो. गाणं ऐकलं, सिनेमा पाहिला, हातात काही उरलं नाही. उरलं नाही म्हणून बुरशी नाही, ओरखडा नाही, आणि दुकानदाराशी हुज्जतही नाही. सुख म्हणावं तर हेच, आणि करमत नाही तेही याच्यामुळेच.

डिस्कचा एक स्वभाव मात्र मला कायम विचारात पाडतो. ती तक्रार करत नाही. व्हिडिओ कॅसेट म्हातारी होताना कळायची. मुंग्या यायच्या, रंग उडायचा, आवाज ओढल्यासारखा व्हायचा. सीडीत मात्र चुका सुधारण्याचं गणित आधीच घातलेलं असतं. माहिती विस्कटून, थोडी जास्तीची भर घालून लिहिलेली असते, त्यामुळे सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा ओरखडासुद्धा ती स्वतःच भरून काढते. आत रंग विटत चाललेला असतो, चुका वाढत असतात, आणि बाहेर गाणं पहिल्या दिवसासारखं ठणठणीत. मग एके दिवशी सुधारण्याची हद्द संपते आणि पडद्यावर येतं, ‘नो डिस्क’. डिस्क खराब आहे असंही नाही. डिस्कच नाही म्हणे.

मकबरा आणि सीडी यांच्यातला फरक मला इथे सापडतो. मकबऱ्यात चुका झाल्या, कंजूषी झाली, मनोरे घुमटाच्या मानाने जाड झाले असं टीकाकार म्हणतात. पण त्या उणिवांसकट तो मकबरा झाला. किनखाब साधला नाही तर हिमरू झालं. हाताने केलेली नक्कल चुकली तर काहीतरी वेगळं तयार होतं. यंत्राची नक्कल एक तर हुबेहूब असते, नाही तर शून्य. तिला चुकून नवं काही होण्याची सोय नाही. म्हणून तिच्याबाबत आपल्या हाती राहतं ते एवढंच: माल चांगला घ्यायचा, मारून झाल्यावर पडताळून पाहायचं, उन्हापासून आणि मे महिन्यातल्या गाडीच्या डॅशबोर्डपासून लांब, उभी करून डबीत ठेवायची, आणि चार-पाच वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवून घ्यायची.

हजार वर्षं टिकणारी डिस्कही निघाली आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या मिलेनियाटा या कंपनीने ‘एम-डिस्क’ आणली, तिच्यात सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा असेंद्रिय थर असतो आणि लेझर त्यात अक्षरशः कोरतो. हजार वर्षांचा दावा ऐकून वेरूळच्या कैलासाने काय म्हणावं? त्याला बाराशे वर्षं झाली आणि त्याला प्लेअर लागत नाही. हजार वर्षं टिकलेल्या डिस्कला मात्र हजार वर्षं टिकलेला प्लेअर लागेल, आणि त्याचा रिमोट तेव्हाही सोफ्याच्या फटीतच असेल.

नुसत्या टिकाऊपणाचा भरवसा किती धरावा, हे अजिंठ्याच्या नकलांनी शिकवून ठेवलं आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून वीस वर्षं तिथे बसून मोठमोठ्या तैलचित्रांत त्या भिंती उतरवत राहिले. चित्रं लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाली. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून पुन्हा बसले. ती चित्रंही लंडनला गेली आणि १८८५ च्या आगीत त्यातली शंभरावर खाक झाली. ‘सीडी बर्न करणं’ हा वाक्प्रचार येण्याआधी शंभर वर्षं आमच्या अजिंठ्याच्या प्रती दोनदा बर्न झाल्या होत्या, त्याही एकाच शहरात ठेवल्यामुळे. चूक कॅनव्हासच्या दर्जाची नव्हती. सगळ्या प्रती एका छताखाली ठेवण्याची होती.

म्हणून मला शेवटी भरवसा वाटतो तो नातेवाइकांचा. आमच्या घरातल्या एका लग्नाची डीव्हीडी अलीकडे दगा देऊन बसली. शूटिंगवाल्याने मूळ चित्रीकरण कधीच पुसून त्यावर दुसऱ्यांची लग्नं घेतली होती. तेव्हा प्रती वाटलेल्या होत्या, त्यांची शोधाशोध झाली. जालन्याच्या आत्याची मंगलाष्टकांपर्यंत नीट चालली. परभणीच्या मामांची तिथून पुढे बरी निघाली, कारण सुरुवातीवर त्यांच्या नातवाने कार चालवली होती. पाठवणी पुण्याच्या काकूंकडे सापडली. त्यांनी वेष्टणच फोडलेलं नव्हतं. तीन ठिकाणचं जोडून लग्न एकदाचं पार पडलं. आणि ते बघायला सगळे जमले तेव्हा लक्षात आलं, की चुका सुधारण्याचं गणित यांच्यातही पुरेपूर आहे. आत्याने एक साडी चुकीच्या बाईला नेसवली की चार जणी ती ताबडतोब उतरवून योग्य बाईला देतात. मामा जिलबी होती म्हणतात, काकू बालूशाही म्हणतात, आचाऱ्याचं नाव आठवणारा कुणीतरी तिसरा निघतोच.

तेव्हा माझा सल्ला विचारत असाल तर, जे खरंच जपायचं आहे ते चांगल्या डिस्कवर मधल्या वेगाने मारा, पेनड्राइव्हवर घ्या, हार्ड डिस्कवर ठेवा, आणि एकेक प्रत परगावच्या एखाद्या आत्याला, मामांना, मावशीला देऊन टाका. नातेवाईक दिलेली वस्तू परत करत नाहीत. एरवी आपण यावरून त्यांना नावं ठेवतो. संग्रहालयाकडून मात्र आपली हीच अपेक्षा असते.